जीवाश्मांचा खासगी संग्रह : आवडीचा नमुना व त्याचे गाव

मराठी कुटुंबांपैकी किती जणांच्या घरी जीवाश्म आहे, असा प्रश्न केल्यास बहुतेक ठिकाणी नकारार्थी उत्तर मिळेल. तथापि देवघरातील ताम्हनात ज्या काळ्या, गुळगुळीत शालिग्रामाला रोज तुळशीपत्र वाहिले जाते, तो पुष्कळदा जीवाश्मच असतो. ॲमोनाइट या नावाने ओळखले जाणारे, माखलीशी दूरचे नाते असलेले समुद्री प्राणी सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, हिमालय अस्तित्वात नव्हता त्या काळी, तेथील समुद्रात वावरत होते. त्यांच्या वेटोळ्या कवचांभोवती चिखल घट्ट होऊन जे काळे गोटे तयार झाले, ते नेपाळातील काळी गंडकी नदी आपल्या पात्रातून वाहून आणते. गोट्यावर दिसणारे चक्र म्हणजे त्या कवचाचा ठसा होय.

पूजेच्या या वस्तूसंबंधी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. शालिग्राम पिढ्यान्‌पिढ्या एका घरातून दुसऱ्या घरात जातो, मुलगा वेगळा झाला की वाटणीत जातो, कधी तीर्थयात्रेहून परतलेल्या आप्ताकडून येतो. परंतु तो गंडकीचा आहे, ही माहिती त्याच्यापासून कधी सुटत नाही. दगडाबरोबर त्याचे गाव चालत राहते. खासगी संग्रहात जीवाश्म बाळगणाऱ्या हौशी अभ्यासकाला जी शिस्त मोठ्या कष्टाने अंगी बाणवावी लागते, ती परंपरेने या एका दगडाच्या बाबतीत आपोआप सांभाळली आहे. इतर दगडांच्या बाबतीत मात्र तसे घडत नाही. शाळेच्या कपाटात, दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत किंवा शिक्षकाच्या टेबलावर ठेवलेला सुंदर जीवाश्म ‘कोठला?’ असे विचारले असता ‘कोणीतरी आणून दिला’ हेच उत्तर बहुधा ऐकू येते. संग्रहातील सर्वांत आवडता नमुना हा पुष्कळदा सर्वांत कमी माहिती असलेला नमुना असतो. तो कसा बोलता ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बिदर–कलबुर्गीच्या सीमाभागातील पाषाण

बिदरच्या पठारावर व त्याच्या आसपासच्या कोळारसारख्या गावांत राहणाऱ्या अभ्यासकाला प्रथम निराशा वाटण्याचा संभव आहे. बिदरच्या पठाराचा माथा जांभ्याचा आहे. जांभा हा मूळच्या खडकाची ऊन-पावसाने दीर्घकाळ झीज होऊन झालेला, लोहाचे प्रमाण अधिक असलेला, सच्छिद्र पाषाण होय. किल्ल्यांचे खंदक खोदण्यास आणि घरांच्या भिंती रचण्यास तो उत्तम. परंतु त्याच्या घडणीत मूळ खडकाचेच रूप नाहीसे होत असल्याने त्यात जीवाश्म शोधणे व्यर्थ आहे. जांभ्याच्या छिद्रांत दिसणाऱ्या नळीसारख्या आकृती पाहून त्यांना किड्यांची घरे वा झाडांची मुळे समजण्याची चूक नवशिका संग्राहक हटकून करतो.

पठार उतरून खाली आले की काळा पाषाण लागतो. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारसाचे प्रवाह एकावर एक पसरले. त्यांच्या थरांना भूविज्ञानात दक्षिण ट्रॅप ही संज्ञा आहे. तप्त रसापासून बनलेल्या खडकात जीवाश्म मिळत नाहीत हे खरे. परंतु एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत कोठे कोठे दीर्घ काळ लोटला. त्या अवधीत खळग्यांत पाणी साचले, तळी झाली, काठावर झाडे वाढली, पाण्यात गोगलगाई व मासे राहू लागले. पुढे दुसऱ्या प्रवाहाने ते सारे झाकून टाकले. दोन काळ्या प्रवाहांमध्ये सापडणारे हे तळ्यातील गाळाचे पातळ पट्टे म्हणजे अंतरा-ट्रॅपी थर होत. पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात असलेल्या व २००९ च्या अखेरीस यादगीर जिल्हा वेगळा झाल्यापासून त्यात मोडणाऱ्या गुरुमठकलच्या परिसरात असे थर असून तेथील सूक्ष्म जीवाश्मांचा, विशेषतः ऑस्ट्राकोड या द्विपुटी कवचाच्या इवल्या जलचरांचा, अभ्यास झालेला आहे. हे कवच साधारणतः एक मिलिमीटरपेक्षा मोठे नसते. यास्तव कपाटात मांडून पाहुण्यांना दाखवावा असा हा नमुना नव्हे. पण भिंगाखाली धरल्यास त्याच्या तोडीचे फार थोडे सापडेल.

अंतरा-ट्रॅपी थर ओळखण्यासाठी विहिरीचे नवे खोदकाम, रस्त्यासाठी कापलेली टेकडी आणि नाल्याची उभी दरड या तीन जागा पाहाव्यात. वर-खाली काळा खडक आणि मध्ये काही फूट जाडीचा पांढुरका, करडा वा हिरवट पट्टा, कधी गारगोटीसारखा कठीण व धारदार कपारी पडणारा, अशी त्याची ठेवण असते. प्रवाहांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टाही पुष्कळ ठिकाणी आढळतो. ती लाव्ह्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन झालेली व वरच्या प्रवाहाने भाजून निघालेली माती असते, आणि तिच्यात सहसा काही मिळत नाही.

शहाबाद, वाडी, सेडम या बाजूस गेल्यास खडक सर्वस्वी बदलतो. महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या जमिनी ज्या शहाबादी फरशीने मढविल्या आहेत, तो भीमा खोऱ्यातील चुनखडक ट्रॅपहून कितीतरी प्राचीन, कवचधारी प्राणी विपुल होण्याच्याही आधीचा आहे. त्यामुळे त्यात शंख-शिंपले वा मासे मिळत नाहीत. त्याच मालेतील शेलमध्ये चुआरिया नावाच्या काळ्या कार्बनी चकत्या आढळल्या आहेत. काही मिलिमीटर व्यासाचा तो एक साधा ठिपका असतो. पण या संपूर्ण सीमाभागातील सर्वांत जुन्या जीवांची ती खूण आहे.

चुनखडकाच्या फरशीसंबंधी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण खासगी संग्रहांतील फसगतीचे ते एक ठरलेले ठिकाण होय. फरशीचे पापुद्रे सुटे करताना कधी कधी आतील पृष्ठावर काळ्या-तपकिरी रंगाची, नेच्याच्या पानांसारखी किंवा शेवाळासारखी सुबक नक्षी उमटलेली दिसते. ती वनस्पती नव्हे. खडकाच्या फटीतून झिरपणाऱ्या पाण्यातील मँगनीज व लोह यांची संयुगे फांद्या फुटाव्यात तशी साठत जाऊन ही आकृती बनते. तिला पानाची मधली शीर नसते. तिच्या फांद्या फटीच्या कडेपासून आत पसरलेल्या असतात. आणि भीमा खोऱ्यातील चुनखडक साचला त्या काळी पृथ्वीवर नेचे तर नव्हतेच, जमिनीवर कोणतीही झाडे उगवलेली नव्हती. अशी फरशी आवडती असण्यात काही गैर नाही. मात्र तिच्यावर ‘नेच्याचा जीवाश्म’ अशी चिठ्ठी लावून ती विद्यार्थ्यांपुढे ठेवू नये.

मांजरा नदीच्या काठी आणखी वेगळ्या काळातील अवशेष आहेत. लातूरकडून बिदर जिल्ह्यात येणाऱ्या या नदीच्या जुन्या गाळात व वाळूमिश्रित खड्यांच्या थरांत रानबैल, हत्ती व पाणघोडा यांची अश्मीभूत हाडे मिळाली असून पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. मांजरेत एके काळी पाणघोडे डुंबत होते, हे तेथील शाळकरी मुलाला सांगितल्यास त्याचा विश्वास बसणे कठीण जाते. ही हाडे ट्रॅपमधील जीवाश्मांच्या तुलनेने कालपरवाची, काही हजार ते काही लाख वर्षांची आहेत. ताज्या हाडापेक्षा ती जड लागतात. जिभेला लावल्यास सच्छिद्रतेमुळे किंचित चिकटतात. आणि त्यांचा लहानसा तुकडा जाळला असता ताज्या हाडासारखी जळकी दुर्गंधी येत नाही. मोठी हाडे राक्षसांची समजण्याची प्रवृत्ती जगभर आढळते, आणि तिच्यामुळे पुष्कळ हाडे फोडलीही जातात. दरडीत रुतलेले मोठे हाड हौशी संग्राहकाने स्वतः ओढून काढू नये. बाहेर येताच त्याचा भुगा होतो, आणि हाडाबरोबर मिळू शकणारी दगडी हत्यारेही जागची हलतात.

फायसा : डाव्या वळणाचा शंख

अंतरा-ट्रॅपी थरांतील नमुन्यांपैकी संग्राहकांचे मन सर्वांत आधी जिंकणारा जीवाश्म म्हणजे फायसा प्रिन्सेपी ही गोड्या पाण्यातील गोगलगाय. मद्रास सेनेच्या वैद्यक सेवेतील जे. जी. माल्कमसन यांनी त्या वेळच्या निजामाच्या राज्यातील निर्मळच्या डोंगरांतून आणि नागपूरकडील मार्गावरून १८३० नंतरच्या दशकात जे जीवाश्म गोळा केले, त्यांत ती होती. लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या ग्रंथमालेत १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या माल्कमसन यांच्या निबंधात सॉवर्बी यांनी तिला हे नाव दिले. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांचे स्मरण या गोगलगाईच्या नावात राहिले आहे. अलीकडील अभ्यासक तिला प्लॅटिफायसा या निराळ्या प्रजातीत घालतात.

ही गोगलगाय ओळखण्याची रीत विद्यार्थ्यांना हमखास आवडते. कवचाचे टोक वर आणि तोंड पाहणाऱ्याकडे, अशा रीतीने ते धरावे. बहुसंख्य गोगलगाईंचे तोंड अशा वेळी उजव्या हातास येते. फायसाचे डाव्या हातास येते. म्हणून प्राणिशास्त्रात तिला वामावर्ती म्हणतात. येथे एक गोंधळ टाळला पाहिजे. पूजेतील दुर्मिळ ‘दक्षिणावर्ती’ शंख हाही प्राणिशास्त्राच्या हिशेबाने वामावर्तीच असतो, कारण परंपरेत शंख टोक खाली करून धरला जातो आणि उलटा धरला की डावे ते उजवे होते. दोन्ही पद्धती आपापल्या ठिकाणी सुसंगत आहेत. वहीत मात्र कोणती पद्धत वापरली ते लिहावे.

टाकळीचा संग्रह

माल्कमसन यांनी निर्मळपासून दाखविलेली ही वाट नागपूरपर्यंत जाते, आणि खासगी संग्रहाचे सामर्थ्य व मर्यादा या दोन्ही गोष्टी समजण्यास नागपूरइतके चांगले उदाहरण मराठी मुलखात दुसरे नाही. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. आज त्यांचे नाव महाविद्यालयामुळे परिचित आहे. भूविज्ञान हा त्यांचा पेशा नव्हता. रेव्हरंड रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासमवेत फिरावयास जाता-येता दगड पाहणे, हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता. शहराच्या पश्चिमेस टाकळी येथे १८५१ मध्ये त्यांना अंतरा-ट्रॅपी थरात गोगलगाईंची कवचे दिसली. पुढे त्याच जागी फळे, बिया, लाकूड, माशांचे अवशेष आणि भुंग्यांची पंखकवचेही मिळाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना त्याच वर्षी झालेली असल्याने या प्रदेशाचे सरकारी भूवैज्ञानिक नकाशे तोवर अस्तित्वात आलेले नव्हते.

हिस्लॉप यांनी काय केले, यापेक्षा कसे केले हे हौशी संग्राहकाने पाहावे. जे आपल्याला ओळखता येणार नाही, ते त्यांनी त्या त्या विषयाच्या जाणकाराकडे पाठविले. टाकळीचे कीटक अँड्र्यू मरे यांच्याकडे गेले, सूक्ष्म द्विपुटी कवचे रूपर्ट जोन्स यांच्याकडे गेली, आणि नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरील मांगली येथे मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन यांच्याकडे जाऊन ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स या नावाने १८५५ मध्ये प्रसिद्ध झाली. ही कवटी टाकळीच्या थरांहून फार जुन्या, गोंडवनी काळातील खडकांतील आहे. कोणत्याही संग्राहकाला ती आयुष्यभर पेटीत जपून ठेवण्याचा मोह झाला असता. गोगलगाई व शिंपले यांचे वर्णन मात्र हिस्लॉप यांनी स्वतः केले, तेही त्या काळच्या रीतीनुसार लॅटिनमध्ये, आणि ते १८६० मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात छापले गेले. त्यांनी दिलेल्या नावांत सहकाऱ्याचे ‘हंटेरी’ आहे, पूर्वसूरीचे ‘माल्कमसोनी’ आहे, आणि ‘टाकलिएन्सिस’ हे गावाचे नावही आहे. हंटर पुढे इंग्लंडला परतले आणि कोशकार म्हणून प्रसिद्ध झाले.

दिनांक ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना, बोरीजवळ पुराने फुगलेला ओढा ओलांडताना हिस्लॉप यांचा बुडून मृत्यू झाला. संग्राहकाचा असा अकस्मात अंत झाला म्हणजे बहुधा त्याचा संग्रहही संपतो. दगड कोणते व कोठले हे सांगणारा माणूसच उरत नाही. हिस्लॉप यांच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण मुख्य नमुने नावगावासह आधीच छापील नोंदींत आणि सार्वजनिक संग्रहात गेलेले होते. लंडनच्या भूविज्ञान संस्थेने आपले संग्रहालय १९११ मध्ये बंद केले, तेव्हा तेथील परदेशी नमुने नैसर्गिक इतिहास संग्रहालयाकडे सोपविण्यात आले. मृत्यूनंतर दीडशे वर्षे होत आली असता, २००८ मध्ये, हिस्लॉप यांच्या त्या लॅटिन वर्णनांचा व मूळ नमुन्यांचा पुन्हा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. हिस्लॉप या थरांना तृतीय कल्पातील समजत होते; आज ते मुख्यतः क्रिटेशस कल्पाच्या अखेरचे व त्यालगतच्या काळातील मानले जातात. मत बदलले, नमुने तेच राहिले.

टाकळी आता नागपूर शहरात सामावून गेली आहे. जेथे हिस्लॉप व हंटर वाकून दगड उचलीत होते, तेथे घरे व रस्ते आहेत. ज्या नमुन्यांवर टाकळीची नोंद आहे, त्यांच्यापुरतेच ते जुने तळे आता शिल्लक आहे.

पिसदुऱ्याचे विष्ठाश्म

संग्रहातील देखण्या नमुन्यांसंबंधी एवढे लिहिल्यावर अगदी अनाकर्षक नमुन्याचाही विचार केला पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ पिसदुरा हे गाव आहे. तेथील शेतांत ट्रॅपच्या खाली असणाऱ्या लॅमेटा थरांतील प्रचंड प्राण्यांच्या हाडांचे तुकडे विखुरलेले आढळतात, हे हिस्लॉप यांच्या काळापासून ज्ञात आहे. हाडांबरोबर तेथे करड्या-तपकिरी रंगाचे, गोल वा लांबट, कधी पिळवटलेले गोळेही मिळतात. ते विष्ठाश्म, म्हणजे दगड बनलेली विष्ठा होय. सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांच्या आकारांवरून वर्गवारी केली. हाडांच्या शोधात येणाऱ्या हौशी मंडळींना या गोळ्यांचे फारसे अगत्य वाटले नाही तर नवल नाही; घरी आणून दिवाणखान्यात मांडावे असे त्यांत काय आहे?

वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वनस्पतींच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण साठतात आणि वनस्पती कुजली किंवा पचली तरी ते टिकतात. या गोळ्यांतून ताड, सूचिपर्णी इत्यादी वनस्पतींच्या कणांबरोबरच गवताचे कण निघाले, आणि तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. डायनोसॉरांच्या काळी पृथ्वीवर गवत नव्हते, असे तोपर्यंत सर्वसाधारणपणे मानले जात होते. शालेय पुस्तकांतील चित्रांत डायनोसॉरांच्या पायाखाली नेचे दाखविले जात, ते याच समजुतीने. पिसदुऱ्याच्या टाकाऊ वाटणाऱ्या गोळ्यांनी ती समजूत बदलली.

या शोधाचा सारा आधार एका साध्या गोष्टीवर आहे. हे गोळे पिसदुऱ्याचे आहेत आणि पिसदुऱ्याचा थर लॅमेटाचा आहे, म्हणजे डायनोसॉरांच्या हाडांच्या थराचा आहे, हे निश्चित होते. तोच गोळा एखाद्या पेटीत चिठ्ठीविना पडून असता, तर त्यातील गवताच्या कणांना काहीच किंमत आली नसती. तो कालच्या गुराच्या शेणाचा खडा नव्हे, हेही सिद्ध करता आले नसते.

खोट्या गावाचा परिणाम

प्राप्तिस्थान माहीत नसणे हे एक नुकसान आहे. ते खोटे सांगणे हे त्याहून मोठे. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एका भारतीय विद्यापीठातील प्राध्यापकाच्या शोधनिबंधांसंबंधी जे प्रकरण उघडकीस आणले, त्याची चर्चा जगभर झाली. हिमालयातील म्हणून सुमारे पंचवीस वर्षे प्रसिद्ध होत असलेल्या अनेक जीवाश्मांचे हुबेहूब जोडीदार मोरोक्को व न्यूयॉर्क येथील सुपरिचित स्थळी मिळणारे होते. मोरोक्कोतील ॲमोनाइटवर्गीय जीवाश्म तर जगभरच्या दुकानांत विकत मिळतात. दगड अस्सल होते. फक्त त्यांचे गाव बदललेले होते. परंतु त्या आधारावर इतरांनी हिमालयातील स्तरांचे जे काल ठरविले होते, ते सर्व पुन्हा तपासावे लागले.

खासगी संग्राहकाच्या दृष्टीने यातून निघणारी सावधगिरी व्यावहारिक आहे. विकत घेतलेला नमुना संग्रहात असावा की नसावा, याविषयी मतभेद संभवतो. परंतु तो विकत घेतलेला आहे, कोठे व केव्हा घेतला, आणि विक्रेत्याने सांगितलेले प्राप्तिस्थान हे केवळ त्याचे म्हणणे आहे, ही नोंद त्याबरोबर असलीच पाहिजे. स्वतः वेचलेले व विकत घेतलेले नमुने एका खणात मिसळून ठेवू नयेत. शाळांना देणगी म्हणून मिळालेल्या पेट्यांत असे मिश्रण अधिक असते, आणि देणाऱ्याच्या पश्चात ते निवडणे अशक्य होऊन बसते.

नोंद कशी ठेवावी

नमुना उचलण्यापूर्वी तो जागेवर आहे की सुटा पडलेला, हे पाहून लिहावे. थरात घट्ट बसलेला नमुना आणि नाल्यात वाहून आलेला नमुना यांच्या पुराव्यात फार अंतर असते. विहिरीच्या उपशातून मिळालेला असल्यास गावाचे नाव, तालुका, शेताचा सर्व्हे क्रमांक, विहीर खोदणाऱ्याने सांगितलेली खोली आणि वर-खाली कोणता दगड लागला, एवढे तरी वहीत यावे. विहिरीचा उपसा पुढे रस्त्याच्या भरावास जातो. एका तालुक्यातील विहिरीची फायसा दुसऱ्या तालुक्यातील सडकेवर सापडू शकते, म्हणून सडकेच्या खडीतील नमुन्याला ‘खडीतून’ असे स्पष्ट लिहावे. आजकाल भ्रमणध्वनीवरून अक्षांश-रेखांश सहज कळतात. तेही टिपावेत, पण त्यामुळे थराचे वर्णन लिहिण्यातून सुटका होत नाही. ज्याच्या शेतात वस्तू मिळाली, त्याची परवानगी घेणे हा सभ्यतेचा भाग तर आहेच. शिवाय दुसऱ्या खेपेस त्या जागी पुन्हा जाता येते.

घरी आणताना प्रत्येक नमुना जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात वेगळा गुंडाळावा आणि आत चिठ्ठी टाकावी. धुतल्यानंतर नमुन्याच्या कमी महत्त्वाच्या बाजूस पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका द्यावा, तो वाळल्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहावा आणि वरून पारदर्शक वार्निशचा हात फिरवावा. तोच क्रमांक नोंदवहीत येतो. चिठ्ठ्या हरवतात, वाळवी त्या खाते, मुले त्यांची अदलाबदल करतात. दगडावरील क्रमांक टिकतो. ओळख पटली नसेल तर ‘ओळख अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. नाव चुकले तर पुढे दुरुस्त करता येते, गाव चुकले तर ते दुरुस्त करण्याचा उपाय कोणापाशीच नसतो. मूळ चिठ्ठी कितीही चुकीची वाटली तरी फाडून टाकू नये. तिच्यामागे नवी जोडावी.

नमुना घासून, तेल लावून वा पॉलिश करून चकचकीत करण्याची हौस आवरावी. अपवाद गारगोटीसारख्या कठीण झालेल्या वनस्पतींचा. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील अशा पाषाणांचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास फळांतील व बियांतील पेशी न्‌ पेशी दिसते. के. पी. रोडे यांनी १९३३ मध्ये तेथील जीवाश्मांकडे लक्ष वेधले, आणि बिरबल साहनी व रोडे यांनी १९३७ मध्ये त्यावर एकत्र लेखन केले. खाडीच्या खाऱ्या पाण्याजवळ वाढणाऱ्या निपा या ताडाचे फळ तेथे मिळाल्याने समुद्राचा एखादा फाटा त्या भागापर्यंत आला होता काय, हा प्रश्न उभा राहिला. अर्थात असे काप काढणे हे घरी करण्याचे काम नव्हे.

संग्राहकाच्या पश्चात

याच मोहगाव कलानच्या वनस्पतींवर नागपूरच्या विज्ञान संस्थेत श्यामला चितळे यांनी दीर्घकाळ काम केले. रीडिंग विद्यापीठात टॉम हॅरिस यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविलेल्या या विदुषी पुढे अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पुरावनस्पती विभागाच्या पहिल्या अभिरक्षक झाल्या, आणि तेथील संग्रह त्यांनी उभा केला. आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंना संस्थेचे छप्पर मिळणे किती आवश्यक आहे, हे त्यांच्या कार्यावरून कळते. बिरबल साहनी यांनी याहीपुढे जाऊन आपला स्वतःचा संग्रह व ग्रंथालयच संस्थेच्या उभारणीसाठी दिले. लखनौ येथील संस्थेच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरू यांच्या हस्ते ३ एप्रिल १९४९ रोजी बसविण्यात आली. साहनींनी ती स्वतः तयार केली होती, आणि निरनिराळ्या काळांतील व देशांतील सत्त्याहत्तर जीवाश्म तिच्यात जडविले होते. त्यानंतर आठवड्याभरातच त्यांचे निधन झाले.

भारतात जीवाश्मांपुरता स्वतंत्र कायदा नसल्याने खासगी संग्रहाची जबाबदारी आजवर बहुतांशी संग्राहकाच्या विवेकावर सोपविली गेली आहे. भूवारसा-स्थळे व भू-अवशेष यांच्या जतनासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, हे अभ्यासकांस ठाऊक असावे. कायदा काहीही असो. कवटी, दात, अंडी, अखंड हाडे किंवा पूर्वी न पाहिलेली वनस्पती हाती लागल्यास तिची छायाचित्रे व नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, डेक्कन कॉलेज किंवा लखनौची संस्था यांच्याकडे पाठविणे इष्ट. असा नमुना अभ्यासासाठी दिला तर नोंदवहीतील त्याची ओळ खोडू नये. तो कोणाकडे, कोणत्या तारखेस दिला हे तिच्यापुढे लिहावे आणि मूळ क्रमांक दगडावर तसाच राहू द्यावा. वहीची एक प्रत घरच्यांपैकी कोणापाशी आणि दुसरी शाळेच्या वा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असावी.

आवडता नमुना कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावे. कोणाला फायसाचे डावे वळण आवडेल, कोणाला चुआरियाचा काळा ठिपका, कोणाला मांजरेच्या वाळूतील पाणघोड्याचा दात. तो नमुना काचेत ठेवावा, मुलांच्या हाती द्यावा, पाहुण्यांना दाखवावा. मात्र त्याच्या पुढ्यात केवळ नाव न लिहिता गाव, थर व तारीख लिहावी, आणि वहीतील क्रमांकाशी ती वर्षातून एकदा ताडून पाहावी. पावसाळ्यापूर्वी धान्याची उतरंड हलवून पाहण्याच्या सुमारास हे काम उरकण्याची प्रथा ठेवल्यास वाळवीचाही बंदोबस्त त्याच वेळी होतो.